जांभळीला किळस येते

मी एक जुनी म्हैस आहे आणि मला फार किळस येते.

मित्रांनो, हसू नका. दुपारभर नदीकाठच्या डबक्यात लोळणारी, स्वतःच्या शेपटीने स्वतःच्याच पाठीवर शेण उडवणारी मी. हिला कसली आली किळस, असं तुमच्या मनात आलंच असेल. पण चिखल घाण नसतो. चिखल थंड असतो, तो गोमाश्यांना दूर ठेवतो आणि वाळला की आपोआप गळून पडतो. खरी घाण मी माणसांच्या हातात पाहिली आहे. ती धुतली तरी जात नाही, कारण ज्याच्या हाताला ती लागलेली असते त्याला तिचा वासच येत नाही.

माझं नाव जांभळी. उन्हात माझी कातडी जरा जांभळट दिसते म्हणून रंगुबाईने ते ठेवलं. रंगुबाई आणि तात्याबा आटपाडीकडच्या माळावर राहायचे. पूर्वी त्यांचा मेंढरांचा मोठा कळप होता, पुढे थोडी शेती आली आणि दारात दोन म्हशी आल्या. त्यातली एक माझी आई. माळावर हिरवं कमी आणि दगड जास्त, पण त्या घरचा एक रिवाज होता. म्हशीच्या चार सडांपैकी तीन घराची आणि चौथं लेकराचं. रंगुबाई आधी मला सोडायची. मी आईच्या कासेला दोन-चार ढुशा द्यायची, आई मान वळवून मला चाटायची, आणि मग तिची कास फुगून टणक व्हायची. याला माणसं पान्हा म्हणतात. तो आला की रंगुबाई मला आईच्या तोंडासमोर बांधायची आणि मग धार काढायला बसायची. एकदा पाहुणे आले होते, दूध कमी पडलं, तेव्हा तात्याबाने चौथ्या सडाला हात घातला. रंगुबाईने तो हात धरला.

"आवं, लेकराचं हाय ते," ती म्हणाली. "आपली तीन हायती की."

तात्याबाने हात काढून घेतला आणि पाहुण्यांनी कोरा चहा प्यायला. कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मी मोठी झाले, गाभण राहिले, आणि त्याच साली माळावरची वैरण संपली. मला सांगलीच्या बाजारात आणलं गेलं. तिथे नानासोंनी मला घेतलं. नानासो म्हणजे फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस. कृष्णाकाठी त्यांचा ऊस, पक्का गोठा, गोठ्यात पंखा. दावं हातात देताना रंगुबाईने त्यांना बजावलं की हिला लेकरू लावल्याशिवाय पान्हा येत नाही, घाई करू नका. नानासोंनी फौजी माणूस मान हलवतो तशी मान हलवली आणि बाजारातून बाहेर पडायच्या आत ते विसरून गेले.

नानासो वाईट नव्हते, हे मला आधी सांगितलं पाहिजे. ते वेळेवर वैरण घालत, गव्हाण स्वतः झाडत, माझ्या अंगाला कधी काठी लावली नाही. पण त्यांना सगळं घड्याळावर हवं असे. डेअरीची गाडी सकाळी वेशीत येई आणि कुणासाठी थांबत नसे. लेकराने ढुशा द्यायच्या, आईने चाटायचं, मग पान्हा, मग धार, एवढा वेळ त्यांच्या हिशेबात कुठेच बसत नव्हता.

मी व्याले तो रेडा झाला. त्याला पाहून मला जे वाटलं ते मी सांगू शकत नाही. मी त्याला चाटून चाटून कोरडं केलं, आणि त्याचा वास माझ्या डोक्यात असा बसला की शंभर रेडकांतून मी त्याला डोळे मिटून काढला असता. नानासोंना मात्र रेड्याचं काही कौतुक नव्हतं. नांगराला ट्रॅक्टर होता. रेडा नुसता दूध पिणार, असं ते म्हणाले, आणि त्याला गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधलं. धारेच्या वेळी तो क्षणभर आणायचा, सडाला तोंड लागलं की ओढून न्यायचा. चौथं सड त्या घरात नव्हतं. तो बारीक होत गेला. त्याला कुणी मारलं नाही, फक्त कुणी पाजलं नाही. एका सकाळी तो उठलाच नाही.

त्या दिवसापासून मी दूध धरून ठेवलं. माणसं याला पान्हा चोरणं म्हणतात. चोर कोण, हे तुम्हीच ठरवा.

शेजारी हंबीरराव राहायचे. ते पेंडीचं दुकान चालवत आणि गावातल्या प्रत्येक गोठ्यात त्यांचा सल्ला चाले. त्यांनी माझ्या रेड्याचं कातडं काढवून आणलं, त्यात पेंढा भरला, चार काठ्यांवर ते उभं केलं आणि माझ्यासमोर आणून ठेवलं. जुन्या माणसांची युक्ती आहे म्हणाले. मी पहिल्यांदा फसले. नाक लावलं, तर वास त्याचाच होता. मी चाटलं. पान्हा आला. नानासो खूश झाले. पण चाटता चाटता माझ्या जिभेला शिवण लागली, शिवणीतून पेंढ्याची काडी आली, आणि काही दिवसांनी त्यात किडे झाले. त्यांनी त्यावर कसलीशी पावडर टाकली आणि पुन्हा माझ्या तोंडाशी धरलं. मित्रांनो, मी पुष्कळ घाणीत बसले आहे. इतकी शिसारी मला कधी आली नव्हती. मी मान फिरवली आणि कास आवळून घेतली.

तेव्हा हंबीररावांनी ती बाटली आणली.

बोटाएवढी काचेची बाटली, वर कागद नाही, नाव नाही. सोबत सुई. नानासोंनी ते सगळं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवलं. सकाळ-संध्याकाळ डब्याचं झाकण उघडे, नानासो माझ्या मानेत सुई टोचत, आणि थोड्याच वेळात दूध भसकन खाली येई. त्यात लेकरू नव्हतं, चाटणं नव्हतं. जसं कुणी आपल्याला गुदगुल्या करून हसवावं आणि आपण हसताना त्याचा राग यावा, तसं ते होतं. पोटात कळा येत. मान फुगून गाठी झाल्या. पण डेअरीची गाडी एकदाही चुकली नाही.

आणि मी शिकले. म्हशी लवकर शिकतात, हे तुमच्या लक्षात येत नाही इतकंच. काही आठवड्यांनी झाकणाचा आवाज आला की सुई टोचायच्या आधीच माझ्या सडांतून थेंब गळू लागले. लेकराच्या ढुशीवर यायचं ते पत्र्याच्या आवाजावर येऊ लागलं. पुढे थेंब आले तरी धार लागेना, सुईत जास्त भरावं लागे. सुईशिवाय दूध उतरवायचं कसं हे माझं अंग विसरून गेलं. गावात मात्र माझं नाव झालं. दिवाळीच्या पाडव्याला माझी शिंगं रंगवली, गळ्यात झेंडूची माळ घातली, लोकांनी तोंडात बोटं घातली. ती माळ त्या गाठींवर टेकून दुखत होती. माझी वाहवा होत होती आणि मला ओकारी येत होती.

वर्ष-दीड वर्षाने मी पुन्हा व्याले. याच सुमारास घरातही एक बाळ जन्मलं होतं, नानासोंच्या सुनेला, संयोगिताला. तिचा नवरा वीरधवल फौजेत, सीमेवर. तिची आई हयात नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. पोट कापून बाळ काढलं, बाळ अशक्त म्हणून काही दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. घरी आल्यावर सासूने, विजयमालाबाईंनी, पाळणा आपल्या खोलीत नेला. सुनेच्या पोटाला टाके आहेत, तिला झोप मिळू दे, असा त्यांचा साधा विचार. बाळाला बाटली लावली. बाटलीत काय होतं, सांगू? माझं दूध, पाणी घालून. संयोगिताला दूधच नाही, असं घरात ठरून गेलं होतं.

मी व्याले ती रेडी झाली. या वेळी नानासोंना आनंद झाला, कारण रेडी म्हणजे उद्याची म्हैस. पण पाहुण्यांना त्यांनी चीक कबूल केला होता. मी अजून मान वळवते आहे तोच त्यांनी रेडी उचलून परड्यात नेली, गोणपाटाने पुसून कोरडी केली, आणि मला दुप्पट सुई दिली. चीक निघाला. खरवस झाला. पाहुण्यांनी खाल्ला, तारीफ केली. दोन दिवसांनी रेडी माझ्यासमोर आणली.

मित्रांनो, आता जे सांगते ते मला सांगवत नाही. मी तिला हुंगलं आणि मला तिची किळस आली. तिला गोणपाटाचा वास होता, बाटलीतल्या दुधाचा वास होता, माणसाच्या हाताचा वास होता. ती माझी आहे असं माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. ती कासेकडे आली आणि मी लाथ मारली. ती पडली, उठली, पुन्हा आली. मी पुन्हा लाथ मारली. पेंढ्याच्या कातड्याची आली होती तशी शिसारी मला माझ्या जिवंत लेकराची आली.

नानासोंनी माझे मागचे पाय बांधले आणि रेडीला सडाशी धरली. मी दूध आवळून धरलं. पुन्हा बाटलीने पाजायला गेले तर तिला जुलाब लागले. चौथ्या-पाचव्या दिवशी ती गव्हाणीशेजारी मान टाकून पडली. ती जगणार नाही हे गोठ्यातल्या सगळ्यांना दिसत होतं. तेव्हा कुठे नानासोंनी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टर रेश्मांना बोलावलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी रेडीला औषध दिलं, माझ्या मानेवरून हात फिरवला, गाठी मोजल्यासारखी एकेक चाचपली आणि डबा मागितला. नानासोंनी तो काढून दिला. बाईंनी बाटली उजेडात धरून फिरवून पाहिली. संयोगिता भिंतीला टेकून उभी होती, विजयमालाबाई दारात होत्या. आम्ही रवंथ करताना काही ऐकत नाही असं माणसांना वाटतं. मी शब्द न् शब्द ऐकला.

"हा रस विकत आणायची गरज नव्हती, सुभेदार," त्या म्हणाल्या. "तो हिच्या मेंदूतच तयार होतो, ऑक्सिटोसिन म्हणतात त्याला. मेंदू असे पुष्कळ बारीक निरोपे बनवतो. कुणी भूक सांगतो, कुणी भीती, कुणी तहान. हा लेकराचा निरोप्या. रेडकाचा वास आला, ढुशी बसली की तो सुटतो. कासेत जाऊन दूध उतरवतो आणि डोक्यात सांगतो, हे तुझं आहे, याचा वास ध्यानात ठेव. तुमच्या सुईतला कासेपर्यंत पोचतो, मेंदूत नीट शिरत नाही. कास रिकामी झाली. डोक्याला काहीच कळलं नाही."

मग त्यांनी सांगितलं की व्याल्यावरचा पहिला थोडा वेळच या ओळखीचा असतो. त्या वेळात आईने चाटलं तर ओळख बसते. तो वेळ गेला की दार जवळजवळ बंद होतं. शिवाय डॉक्टरशिवाय असं टोचणं कायद्यानेही गुन्हा आहे. नानासोंनी विचारलं, दुधातून बाळाला काही होईल का. दुधातून तो रस बाळाला बाधेल असं मी म्हणणार नाही, बाई म्हणाल्या, पण नाव नसलेल्या बाटलीत आणखी काय आहे ते मलाही सांगता येणार नाही.

संयोगिता तेव्हा पहिल्यांदा बोलली. बायकांच्या डोक्यातबी हाच रस असतो का, असं तिने हळूच विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की रस तोच, पण तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. मग त्यांनी विचारलं, बाळ दिवसातून किती वेळ तुमच्या छातीशी असतं? संयोगिताने सासूकडे पाहिलं. विजयमालाबाईंनी पदर नीट केला आणि खाली बघितलं.

जाताना बाईंनी उपाय सांगितला. सुई पूर्ण बंद. रेडीच्या अंगाला मीठ आणि गुळाचं पाणी चोळायचं, माझंच दूध तिच्या पाठीवर लावायचं आणि तिला माझ्यासमोर ठेवायचं. मी मिठासाठी चाटेन. चाटता चाटता कदाचित ओळख बसेल. दूध काही दिवस आटेल, ते आटू द्यायचं.

आटू द्यायचं, एवढंच नानासोंना जमेना. दुसऱ्या दिवशी सकाळी वेशीत गाडीचा हॉर्न वाजला आणि झाकणाचा आवाज आला. माझी सडं गळू लागली. लाज वाटली, पण माझ्या हातात काही नव्हतं. आजच्या दिवस, नानासो स्वतःशीच म्हणाले आणि सुई भरली. तेवढ्यात संयोगिता आली. बाळ तिच्या खांद्यावर होतं. ती सरळ येऊन माझ्या मानेशी उभी राहिली.

"मामा, सुई ठेवा खाली," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "हिला हिचं लेकरू वळखू येत न्हाई, मला माझं. एका घरात दोघी आया झाल्या, आन् दोघींच्या मधी तुमी उभं हायसा."

सासऱ्यापुढे त्या घरात असं कुणी बोललं नव्हतं. नानासोंचा चेहरा लाल झाला. बाई, तू घरात जा, असं ते म्हणणार होते, मला ते त्यांच्या तोंडावर दिसलं. पण मागे विजयमालाबाई येऊन उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातली सुई घेतली, बाटली घेतली, दोन्ही डब्यात घातलं, झाकण लावलं आणि डबा उचलून चालत्या झाल्या. दवाखान्यात देऊन येते म्हणाल्या. गाडी हॉर्न वाजवून वाजवून निघून गेली.

मग मीठ आलं. संयोगिताने रेडीच्या पाठीवर, मानेवर, कपाळावर ते चोळलं, गुळाचं पाणी लावलं. मी चाटलं, मिठासाठी. मीठ संपलं की मी मान फिरवायची, ती कासेकडे आली की लाथ उचलायची. पुन्हा मीठ. हंबीरराव रोज येऊन बघायचे आणि हसायचे. सुभेदाराच्या म्हशीला आता शाळेत घातलीय म्हणायचे. नानासो गोठ्याच्या दारात उभे राहायचे, हातात रिकामी किटली. औषधावर आणि चमच्याने पाजलेल्या थोड्या दुधावर रेडी कशीबशी तग धरून होती. संयोगिता पालथ्या टोपलीवर तिथेच बसायची, बाळाला उघड्या छातीशी धरून, वरून पदर घेऊन. पहिले काही दिवस बाळ रडायचं आणि तीही रडायची. मग एक दिवस बाळाचं रडणं थांबलं आणि गिळण्याचा आवाज येऊ लागला. विजयमालाबाईंनी बाटली धुऊन फळीवर पालथी घातली.

माझं दूध इतक्या लवकर आलं नाही. माझ्या अंगाला फार वाईट सवय लागली होती. पण एका दुपारी मी रेडीच्या कानामागे चाटत होते, मीठ केव्हाच संपलं होतं, तरी चाटत होते, आणि ती पोटाखाली शिरली आणि तिने ढुशी दिली. काहीतरी डोक्यातून निघालं आणि पाठीच्या कण्यावरून खाली गेलं. कास भरून आली. मी लाथ उचलली नाही. ती पीत राहिली. दारात नानासो होते. ते आत आले नाहीत, किटली खाली ठेवून ते उंबऱ्यावर बसले आणि रेडीचं होईपर्यंत बसून राहिले. मग त्यांनी तीन सडं पिळली आणि चौथ्याकडे बघून उठले.

गोष्ट इथे संपवली तर तुम्हाला गोड वाटेल. पण मी गोड बोलणारी म्हैस नव्हे.

ती रेडी आता माझ्याएवढी झाली आहे. शेजारच्याच दाव्यावर असते. रोज सकाळी मी तिला हुंगते आणि रोज सकाळी, पहिल्या श्वासाला, ती मला परकी वाटते. मग मी चाटते, आणि हळूहळू ती माझी होते. इतर म्हशींचं असं होत नाही. त्यांना आपलं लेकरू एकदा कळलं की कळलं. मला ते रोज नव्याने शिकावं लागतं. ती कंटाळते, मान झटकते, माणसं हसतात की एवढी मोठी झाली तरी जांभळी हिला चाटते. त्यांना काय सांगू? ज्या दिवशी मी चाटणार नाही त्या दिवशी ती माझी राहणार नाही, याची मला भीती वाटते.

म्हणून एवढंच मागते, मित्रांनो. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काही गोठे करतील. आमचं दूध काढा, विका, खरवस करा, शिंगं रंगवा. आम्ही नाही म्हणत नाही. फक्त लेकरू जन्मलं की आईला ते चाटू द्या, आणि तोपर्यंत बाहेर उभे राहा. तेवढ्या वेळात तुमची गाडी चुकेल, तर चुकू द्या. माझ्या पोटच्या लेकराची ओळख मला मीठ चाटून शिकावी लागली. त्या मिठाहून किळसवाणं मी आयुष्यात काही चाटलेलं नाही, आणि तरीही उद्या सकाळी मी तिला पुन्हा चाटणार आहे.